कोरा गज

माझं लग्न दोनदा जमता जमता मोडलं. पत्रिकेमुळे नाही, देण्याघेण्यामुळे नाही, माझ्या सावळ्या रंगामुळे तर मुळीच नाही. फाटकामुळे मोडलं. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. तुमच्या दाराला तसलं फाटक नव्हतं, म्हणून हसू येतंय.

आमचं घर महाडला, बाजाराकडे उतरणाऱ्या गल्लीत. बाबा हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. गल्लीत केबल नुकती आली होती त्या सुमाराची ही गोष्ट. आमचं जुनं लाकडी फाटक वाळवीनं खाल्लं, म्हणून बाबांनी उभ्या गजांचं लोखंडी फाटक करवून घेतलं आणि त्याला दुकानातला सगळ्यात महाग हिरवा ऑइलपेंट लावला. दुकानदार म्हणाला होता, "सर, पाच वर्षं बघायला नको." पाच वर्षं कसली! आषाढात त्या रंगाला घामोळं उठावं तसे फोड आले आणि गणपतीपर्यंत पापुद्रे सुटायला लागले. खाली गंज आपल्या बापाचं घर असल्यासारखा ऐसपैस पसरलेला.

बाबांनी एक पापुद्रा शर्टाच्या खिशात घातला आणि दुकान गाठलं. मी सोबत होते. दुकानदारानं पापुद्रा उलटसुलट करून पाहिला आणि परत बाबांच्या हातावर ठेवला.

"सर, गॅरंटी कंपनीची आहे. कंपनी काय महाडात राहते? इथला पाऊस त्यांनी हिशेबात धरलेला नाही."

दुसरा कुणी असता तर दुकानात उभा-आडवा भांडला असता. बाबा खुशीत घरी आले आणि चपला काढता काढता आईला म्हणाले, "बरोबर बोलला तो. इथला पाऊस कुणी धरलेलाच नाही. आपण धरू."

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सगळं फाटक पॉलिश पेपरनं घासून घासून उघडं केलं. आईला वाटलं, सणाला नवा रंग लागणार. ती बिचारी फराळाचं ताट घेऊन बाहेर गेली आणि बघते तर काय, बाबा प्रत्येक गजाला वेगळं काहीतरी फासत होते. एकाला नुसता रेड ऑक्साइड. एकाला रेड ऑक्साइड आणि वर हिरवा. एकाला नुसता हिरवा, म्हणजे दुकानदाराला तोंडावर दाखवता यावा म्हणून. एकाला टाकीला लावतात तो चंदेरी रंग, एकाला डांबर, एकाला काजूच्या टरफलांचं तेल, एकाला स्कूटरचं जळकं ऑइल, एकाला खोबरेल. आणि एकाला माझं नेलपॉलिश. अख्खी बाटली! गुलाबी! मुंबईच्या मावशीनं आणलेली, मी एकदाच लावलेली.

"तोही पातळ थरच आहे धातू झाकणारा," बाबा म्हणाले. "त्याला वगळणं अन्याय होईल."

"आणि माझ्यावर झालेला तो काय?" मी म्हटलं. बाबांनी बाटली उलटी करून शेवटचा थेंबही गजाला लावला.

शेवटचा, उजव्या टोकाचा गज त्यांनी तसाच उघडा ठेवला. त्याला काहीच लावायचं नाही. बाकीचे किती टिकले हे कशाशी ताडून बघायचं, तर ह्याच्याशी. त्याला बाबा कोरा गज म्हणायचे आणि त्याच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव. प्रयोग तीन पावसाळे चालणार होता. तोवर फाटकाला कुणी फडकं लावायचं नाही, पाणी मारायचं नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत. गजांचा क्रम मला तोंडपाठ करायला लावला होता. डावीकडून उजवीकडे आणि उलटाही. मला आजही झोपेतून उठवून विचारा.

आई म्हणाली, "हे फाटक आहे की गोधडी?"

पहिला पावसाळा झाला आणि त्यानंतर पहिलं स्थळ आलं, मुंबईचं. मुलाचे काका फाटकापाशीच थबकले. डांबरवाला गज काळाकुट्ट, चंदेरीला खालून तांबडे ओघळ, नेलपॉलिश सोललेलं, कोरा गज विटकरीसारखा. काका सभ्य होते. त्यांनी विचारलं, "काम चालू आहे वाटतं?"

झालं! तेवढंच हवं होतं. बाबांनी त्यांना तिथेच उन्हात उभं करून लोखंड, पाणी आणि हवा या तिघांचं काय वैर आहे ते समजावून सांगितलं. खिशातून भिंग काढून हातात दिलं, खाली वाकायला लावलं. आत पोहे गार झाले. मी नेसलेली साडी सुटायला आली. मुलगा बिचारा ओटीवर बसून आमच्या मांजराशी खेळत होता. चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती! मध्यस्थानं नंतर आईला खरं काय ते सांगितलं. ते लोक विचारत होते, घरात आधी कुणाला वेडाची काही पार्श्वभूमी आहे का.

दुसऱ्या स्थळाच्या वेळी आई हुशार झाली. पावसाळ्यात ओटीला बांधतो ती निळी ताडपत्री तिनं पोटमाळ्यावरून काढली आणि फाटकावर बांधून टाकली, वर झेंडूचं तोरण. महिना माघ. आभाळात ढगाचा टिपूस नाही. मुलाचे वडील ताडपत्रीखालून वाकून आत आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे हल्ली या दिवसांतही पडतो का?" तेवढ्यात वारा आला, सुतळी सुटली आणि ताडपत्री त्यांच्या अंगावर. ती ओढून काढताना त्यांच्या पांढऱ्या शर्टाला डांबर लागलं, आणि बाबा कुणाकडे धावले माहितेय? गजाकडे! थर खरवडला गेला का ते बघायला. ते स्थळ तर ओटीपर्यंतसुद्धा आलं नाही.

त्या दिवशी आई मोरीत तोंड धुवायला म्हणून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेरून म्हटलं, "आई, जाऊ दे गं, मला नव्हताच करायचा तो." ते खरंही होतं. पण माझ्या वयाच्या मुली आता माहेरपणाला पोरं घेऊन येत होत्या, हेही खरं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं. आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवत होतो, आई देवांना उचलून घेत होती आणि बाबा ओटीवर उभे राहून आनंदानं ओरडत होते, "फाटक अर्धं बुडालं! अर्धंच! वरचा आणि खालचा भाग वेगळा बघता येईल आता!" पाणी ओसरल्यावर सगळी गल्ली चिखल धूत होती. आमच्या फाटकावरचा चिखल मात्र धुवायचा नाही असा हुकूम. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तुमचं कसं व्हायचं हो?" आई म्हणाली, "मलाही तेच कळत नाही."

आता खरी गंमत. बाबा दर रविवारी सकाळी आंघोळ करून, उघड्या अंगानं, पंचा नेसून फाटकापाशी जायचे. एकेका गजापुढे वाकायचे, भिंग लावायचे, पुटपुटायचे. कोऱ्या गजापुढे सगळ्यात जास्त वेळ. तो तर आता वरपासून खालपर्यंत तांबडालाल झालेला. बाजाराला खेड्यांतून येणाऱ्या बायका आमच्या फाटकाशेजारच्या कट्ट्यावर पाट्या टेकवून दम खायच्या. त्यांतली एक आजीबाई पाचाडकडून वाल आणि काकड्या घेऊन यायची. तिनं हे बरेच रविवार पाहिलं. मास्तर न्हाऊनधुऊन एका लाल गजापुढे वाकतात, काहीतरी म्हणतात, कुणाला हात लावू देत नाहीत. यात समजायचं राहिलं काय?

तिची म्हैस आटली होती. तिनं जाता जाता गजाला हात जोडले. पुढच्या खेपेला आठवड्याच्या मधेच आली ती कागदाच्या पुडीत शेंदूर आणि बाटलीत तेल घेऊनच.

"म्हशीनं दूध दिलान गो," तिनं आईला सांगितलं. "लई कडक हाय तुमचा देव."

बाबा तेव्हा शाळेत. आईनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मी नंतर विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तिचा एवढा हसरा चेहरा, कसं सांगू की तो गंज आहे?" पण तेवढंच नव्हतं. आजीबाई गेल्यावर आईनं इकडेतिकडे पाहून गजाला हात जोडलेले मी खिडकीतून बघितलं. तिनं काय मागितलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

सहामाहीचे पेपर तपासण्यात बाबांचे चार रविवार बुडाले, तेवढ्यात बाजारच्या आणखी बायकांनीही गजाला शेंदूर लावला. पाचव्या रविवारी बाबा पंचा नेसून गेले आणि गल्ली दणाणली. "कोणी हात लावला? कोऱ्या गजाला कोणी हात लावला?"

"हळू बोला," आई म्हणाली. "देव आहे तो आता."

"देव? अगं, ताडून बघायचा गज आहे तो! त्याला काही लावायचं नाही हाच त्याचा धर्म! दोन पावसाळे पाण्यात घातलेत तुम्ही माझे!"

त्यांनी रागारागानं नखानं शेंदूर खरवडला. मग थांबले. भिंग आणलं. आणखी थोडा खरवडला. आणि ओटीवर येऊन मटकन बसले. मला वाटलं, रक्तदाब वाढला. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "शेंदूर म्हणजे काय?"

"शेंदूर म्हणजे शेंदूर."

"बी.एस्सी. झालीस ना? शिशाचा ऑक्साइड! तेलात कालवला की लोखंडाला चिकटून बसतो, गंजाला पुढे सरकू देत नाही. पूर्वी मोठमोठ्या पुलांना हेच लावायचे." त्यांना हसू यायला लागलं होतं आणि ते त्यांना नको होतं. "अख्खा बाजार पालथा घातला मी. आणि हा देव्हाऱ्यात होता!"

गजावरचा गंज बायकांनी शेंदूर लावला तिथे खरोखरच थांबला होता. बाबांनी लोखंडाच्या वखारीतून गजाचा एक तुकडा आणून कोरा म्हणून परसात उभा केला आणि फाटकावरचा गज शेंदराच्या नावावर लावून टाकला. बायकांना मात्र ते बंदी घालू शकले नाहीत. एकीनं सुनेचं बाळंतपण नीट झालं म्हणून त्यांच्या हातात नारळ ठेवला, त्यावर ते काय बोलणार? पण शिसं विषारी. ते पोटात जाऊ नये म्हणून बाबांनी फाटकाशी पाण्याची बादली आणि साबणाची वडी ठेवली आणि येईल त्या बाईला सांगायला लागले, "हात धुतल्याशिवाय जायचं नाही." परिणाम काय झाला? तो विधीच झाला! बायका आधी शेंदूर लावायच्या, मग मास्तरांच्या साबणानं हात धुवायच्या, मग नमस्कार करायच्या. हात न धुता गेलं तर नवस फळत नाही असंही बाजारात ठरलं. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला, पण दर आठवड्याला नवी वडी आणत राहिले.

एव्हाना तिसरं स्थळ आलं, आणि या वेळी गोष्ट वेगळी होती. या वेळी मला हवं होतं.

आत्या उमरठला असायची. तिच्या मुलीच्या लग्नात पंगतीला एक मुलगा भात वाढत होता. मी पुरे म्हटलं तर म्हणाला, "आमच्याच गिरणीचा आहे, नाही म्हणालात तर तांदूळ मनाला लावून घेईल." विनोद काही फार मोठा नव्हता. पण मी दोन वेळा भात घेतला आणि नंतर मला जेवण उतरेना. पोलादपूरचा मुलगा, शिकलेला, घरची शेती आणि भाताची गिरण. वडील नाहीत. आई देवाधर्माची आणि शब्दाला पक्की, तिच्यापुढे घरात कुणाचं चालत नाही. आत्यानंच शब्द टाकला. मायलेक बघायला येणार असं ठरलं.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "फाटक रंगवा."

"तिसरा पावसाळा व्हायचाय."

"मग तिसऱ्या पावसाळ्याशीच लावा माझं लग्न!" मी ओरडले. "दोन स्थळं गेली, मी एक शब्द बोलले नाही. हा मला हवाय, बाबा. ऐकू आलं? मला हवाय!"

असं घरात कुणी बोलत नसे. आईच्या हातातली पळी थांबली. बाबा चष्मा पुसत राहिले, पुसलेला पुन्हा पुसला. मग म्हणाले, "रंगवणार नाही. पण फाटकाबद्दल मी त्या दिवशी एक अक्षर बोलणार नाही. शब्द देतो."

बाबांनी गप्प बसायचा शब्द देणं म्हणजे काय, ते त्यांच्या वर्गात बसलेल्यांनाच कळेल. मी त्यावर समाधान मानलं.

ते आले. मी आत पोह्यांवर खोबरं पेरत होते, खिडकीतून सगळं दिसत होतं. पुढे आत्या, मागे मुलगा, मध्ये त्याची आई. उंच, सडसडीत, नऊवारी चापूनचोपून. ती फाटकाशी थांबली. तिनं गजांवरून नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, आणि शेंदरी गजापाशी येऊन तिनं वहाणा काढल्या. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, डोळे मिटले. मग विचारलं, "कुठला देव हा?"

आत्या आईकडे बघतेय, आई तुळशीकडे बघतेय. बाबा शब्दानं बांधलेले. तोंड लाल, ओठ आवळलेले, आत काहीतरी उकळतंय हे लांबून दिसत होतं.

"मास्तर, तुमीच सांगा," ती बाई म्हणाली. "घराच्या तोंडाशी बसवलाय, म्हंजे काय कारण असंल."

माझे बाबा खोटं बोलत नसत. म्हणजे किती, तर शेजाऱ्यांच्या पोराच्या रजेच्या चिठ्ठीवर 'ताप' लिहायला नकार देऊन त्यांनी शेजार तोडला होता. मी नववीत असताना त्यांच्याच विषयात त्यांनी मला अर्ध्या गुणासाठी नापास केलं होतं. त्या माणसानं एकदा खिडकीकडे बघितलं. मी दिसले की नाही ठाऊक नाही. मग ते म्हणाले, "राखणदार... राखणदार आहे. घराचा."

कॉपी करताना सापडलेल्या मुलाचा आवाज असतो, तसा आवाज. कान लालबुंद. आणि मान खाली.

मला इतका संताप आला! कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. बाबांचा, त्या बाईचा, माझा स्वतःचा. आणि रडूही यायला लागलं. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि ते मला बघवत नव्हतं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन तशीच बाहेर आले, डोक्यावर पदर नाही, हाताला खोबरं.

"राखणदार नाही तो," मी म्हटलं. "कोरा गज आहे. त्याला बायकांनी शेंदूर लावला. बाबांचा प्रयोग आहे हा, कशानं लोखंड टिकतं त्याचा. डावीकडून रेड ऑक्साइड, मग रेड ऑक्साइडवर हिरवा, मग नुसता हिरवा, चंदेरी, डांबर, काजूचं तेल, जळकं ऑइल, खोबरेल, माझं नेलपॉलिश आणि हा. तीन पावसाळे रंगवायचं नाही म्हणून असं दिसतंय. बाबा आत्ता खोटं बोलले ते माझ्यासाठी. ते कधी बोलत नाहीत. पोहे घ्या."

आत्यानं चक्क डोळे मिटून घेतले. आई ओटीच्या खांबाला टेकली. मी मनात म्हटलं, गेलं हेही. पोलादपूरच्या गाडीत बसून आलं तसं गेलं.

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग वहाणा पायात सरकवून पुन्हा फाटकाशी गेली. डांबराच्या गजावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. काजूच्या तेलावर नख मारून पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "गिरणीचा पत्रा माझा दोन पावसांत चाळण होतो. ह्यातलं काय लावू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. दिलेला शब्द होता ना! मी म्हटलं, "बोला आता, बोला!"

मग काय विचारता! ती दोघं फाटकाशी अशी रमली की आम्ही सगळे ओटीवर नुसते बसून. पत्र्याचा उतार किती, पाणी कुठे साठतं, खिळ्यांच्या भोकांतून गंज कसा शिरतो. "रंग वरून बघू नका," बाबा सांगत होते, "त्याच्या खाली ओल शिरली की नाही ते बघा. थर जाड असून उपयोग नाही, धरून बसला पाहिजे." ती मान डोलवत होती. पोहे याही वेळी गार झाले. मुलीला म्हणून विचारायचे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, स्वयंपाक येतो का नाही आणि भरतकाम येतं का नाही. मुलानं तेवढा एक विचारला, हळूच.

"नेलपॉलिशचं काय झालं?"

"सगळ्यात आधी गेलं," मी म्हटलं.

"दुसरी बाटली आणून देईन," तो म्हणाला. आणि दोन्ही कान लाल करून पोहे खायला लागला, गार.

निघताना त्याच्या आईनं शेंदरी गजाला परत हात जोडले. मला राहवलं नाही. म्हटलं, "देव नाही तो, सांगितलं ना मी?"

"आयकलं गो, बाय. देव नाय. पन गंज थांबवलान ना?" मग आईकडे वळून म्हणाली, "मुलगी खरं बोलती. पसंत हाय." आणि बाबांनी ठेवलेल्या साबणानं हात स्वच्छ धुऊन गाडी पकडायला चालू लागली.

वैशाखात लग्न झालं. आईला निदान तेव्हा तरी फाटक रंगवायचं होतं, तर मीच आडवी पडले. दोन पावसाळे काढलेत, आता तिसरा बुडवायचा नाही. लग्नाच्या फोटोत फाटक तसंच आहे, गोधडी, आणि त्यापुढे मी शालूत.

पोलादपूरला आले आणि पहिले काही महिने मला घर खायला उठायचं. महाड काही लांब नाही, गाडीत बसलं की पोचलं. पण मुलीच्या सासरी बाप सारखा यायला लागला की लोक काय म्हणतात ते सांगायला नको. बाबा अशा गोष्टींना हसायचे, तरी यायचे मात्र नाहीत. एकदाच आले, ओटीच्या कडेला बसले, टोपी हातात फिरवत राहिले आणि चहा अर्धा टाकून उठले. काही कारणच नव्हतं ना हातात! कारणाशिवाय कुठे कसं बसायचं, हे त्या माणसाला कधी जमलंच नाही.

सासूबाईंनी ते बघितलं. पुढच्या वेळी त्यांनी निरोप धाडला की मास्तरांना म्हणावं, गिरणीच्या खिडकीचे गज खराब झालेत, येऊन बघा. बाबा आले ते पॉलिश पेपर, ब्रश आणि डबे घेऊनच. प्रत्येक गजाला वेगळा थर दिला, शेंदूर या वेळी अळशीच्या तेलात कालवून. सगळं झाल्यावर जाहीर केलं, "दर रविवारी नोंद घ्यावी लागेल. शेवटी टिकून राहिलेल्या गजावरही गंज दिसला की प्रयोग संपला."

मग दर रविवारी महाडहून गाडी आली की बाबा उतरायचे, खिशात भिंग. गज बघायला लागायची पाच मिनिटं. नंतर जेवण, सासूबाईंशी पत्र्यांवर वाद, माझ्याशी गप्पा, दुपारची झोप आणि संध्याकाळची गाडी. कुणी काही म्हणायचं कारण नव्हतं. मास्तर कामासाठी येत होते.

पण पोलादपूरचा पाऊस महाडच्याही वरताण. एकेक गज पडत गेला. हिरवा गेला, चंदेरी गेला, डांबराला भेगा पडल्या. शेवटी शेंदराचा तेवढा उरला. आणि एका शनिवारी मी गिरणीत गेले तर त्या गजाच्या बुडाशी, चौकटीत शिरतो तिथे, मसुराएवढा तांबडा ठिपका. एवढासा ठिपका, आणि उद्यापासून बाबांना यायला काही काम उरत नव्हतं.

मी पॉलिश पेपर आणला, ठिपका घासून काढला आणि वर बोटानं खोबरेल चोपडलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारी गेले तर खिडकीशी सासूबाई उभ्या. एका हातात वाटी, बोटं शेंदरानं माखलेली. माझ्या हातात तेलाची बाटली.

"लावलंस तेल?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मंग आधी तू लाव. वरून मी लावतंय."

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा आले, भिंग काढलं, गजापुढे वाकले. तेलाचा वास तर दारापासून येत होता. शेंदूर ओला होता, चौकटीवर सासूबाईंच्या बोटाचा ठसाही होता. कोऱ्या गजाला हात लागला म्हणून ज्या माणसानं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती, तो माणूस भिंग लावून तिथे बघत उभा होता, आणि आम्ही दोघी त्याच्या मागे. त्यांनी गजाच्या बुडाशी बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग खिशातून रुमाल काढून ते सावकाश पुसलं.

"अजून काही नाही," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी येतो."